कुत्री आणलेली चालतील असा गल्लीतला बार उघडायचाय? आधी तीन नकाशे जुळवा

मी पुण्यात एका आतल्या रस्त्यावर छोटा परमिट रूम चालवतो. आत बारा टेबलं, पुढे ओट्यावर पाच, आणि ओट्यावर कुत्रं घेऊन बसलेलं चालतं. महिन्यातून दोन-तीन जण तरी बिल देता देता विचारतात की दादा आम्हालाही असंच काहीतरी काढायचंय, काय काय लागतं? मी काउंटरवर उभ्या उभ्या अर्धवट सांगतो, तेवढ्यात कोणीतरी सोडा मागतं आणि विषय तिथेच राहतो. म्हणून एकदाचं बसून लिहून काढलं. मला पहिली जागा सोडावी लागली होती, डिपॉझिटमधले पैसे कापून गेले आणि आठ महिने वाया गेले. त्या आठ महिन्यांत जे कळलं तेच खाली आहे.

हे सगळं महाराष्ट्रापुरतं आहे हं. गोव्यात, बंगळुरात दारूचे नियम वेगळे, त्यामुळे तिकडच्या मित्राने "आमच्याकडे तर सरळ मिळतं" असं सांगितलं तर मान हलवा आणि विसरून जा.

१. खरा घोळ कुठे आहे

लोकांना वाटतं बारचं लायसन्स मिळवणं अवघड आणि कुत्र्यांचं काय, एक बोर्ड लावला की झालं. तर तसं नाहीये. लायसन्स वेळखाऊ आहे पण त्याची वाट मळलेली आहे, हजारो लोकांनी केलंय. कुत्र्यांचं कोणी नीट सांगतच नाही.

घोळ असा आहे. खाण्याच्या धंद्याला एफएसएसएआयचं, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचं, लायसन्स लागतं आणि त्याच्या २०११ च्या नियमांत परिशिष्ट ४ म्हणून स्वच्छतेचे नियम आहेत. त्यात स्पष्ट लिहिलंय की प्राणी, पक्षी, पाळीव जनावरं यांना खाद्यपदार्थांच्या आस्थापनेत येऊ द्यायचं नाही. म्हणजे शब्दशः वाचलं तर पेट फ्रेंडली जागा हा प्रकारच बसत नाही. मग इतक्या ठिकाणी कसं चालतं? तर बहुतेक जण कुत्री बाहेरच्या मोकळ्या भागात ठेवतात, किचन आणि आतला हॉल पूर्ण वेगळा ठेवतात, आणि अधिकारी आले की वेगळेपणा दाखवता येतो. मुंबईत डूलालीसारख्या टॅपरूममध्ये लोक कुत्री घेऊन बसतात हे बघून माझ्या डोक्यात हा किडा शिरला, पण त्यांची जागा मोठी, माझी खिशाएवढी.

आता दुसरी बाजू बघा. एक्साइजवाले, म्हणजे राज्य उत्पादन शुल्क विभाग, तुमच्या नकाशावर लाल रेघ मारून देतात. त्या रेघेच्या आतच दारू द्यायची. रेघेबाहेर एक ग्लास गेला तरी केस होते. आणि तिसरे महापालिकावाले, त्यांना बिल्डिंगच्या मोकळ्या जागेत, साइड मार्जिनमध्ये टेबलखुर्ची दिसली की अतिक्रमण दिसतं.

म्हणजे अन्नवाल्यांना कुत्रं बाहेर हवंय, एक्साइजला दारू आत हवीय, आणि महापालिकेला बाहेर काहीच नकोय. ज्या जागी कुत्रं चालतं तिथे बिअर चालत नाही आणि बिअर चालते तिथे कुत्रं चालत नाही. हे तिन्ही ज्या चौकटीत एकत्र बसतं तेवढीच तुमची जागा, बाकी भाडं तुम्ही हौसेपोटी भरताय.

२. जागा बघायला जाताना टेप घेऊन जा

भाडं, पार्किंग, रस्ता हे सगळं नंतर. पहिल्यांदा अंतर. शाळा, धार्मिक स्थळ आणि एसटीचं स्टँड यांच्यापासून ७५ मीटर. आणि हे अंतर हवेतून मोजत नाहीत, तुमच्या दारापासून माणूस ज्या वाटेने चालत जाईल त्या वाटेने मोजतात. गुगल मॅपवर बोट ठेवून "शंभर आहे" म्हणू नका, माणूस घेऊन टेप लावा. बालवाडी आहे का ते मुद्दाम विचारा. वरच्या मजल्यावर फ्लॅटमध्ये मान्यता असलेली बालवाडी निघाली म्हणून एकाची फाइल अडकलेली मी स्वतः बघितलीय. कोपऱ्यावरचं छोटं देऊळ ट्रस्ट म्हणून रजिस्टर आहे का तेही बघा, शेंदूर लावलेला प्रत्येक दगड मोजत नाहीत पण रजिस्टर देऊळ मोजतात.

हायवेचं प्रकरण तुम्हाला आठवत असेल. डिसेंबर २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, १ एप्रिल २०१७ पासून हायवेच्या ५०० मीटरमधली दारू बंद, छोट्या गावांत २२० मीटर. नंतर त्याच वर्षी जुलैमध्ये महापालिका-नगरपालिका हद्दीतल्यांना सूट मिळाली. तुमची जागा हद्दीच्या बाहेर असेल, आणि पुण्याच्या आजूबाजूला हद्द कुठे संपते ते गावकऱ्यांनाही सांगता येत नाही, तर आधी एक्साइजच्या ऑफिसमधून लेखी काढून घ्या.

मग कुत्र्याच्या नजरेने जागा बघा. ओटा किंवा अंगण रस्त्याला लागून आहे का, बाइकवाले किती जवळून जातात, दुपारी ऊन कुठे पडतं, समोर मटणाचं दुकान आहे का. (समोर मटणाचं दुकान असेल तर जागा सोडा. सिरियसली.) गल्लीत भटक्या कुत्र्यांची टोळी कोणाची, रात्री कुठे झोपते ते वॉचमनला विचारा. तुमचा ओटा हा त्यांचा इलाका असेल तर येणाऱ्या प्रत्येक लॅब्रेडॉरला रोज पोलिस चौकशी असल्यासारखं वाटेल.

३. तीन नकाशे एकावर एक ठेवा

हीच पायरी मी चुकवली. माझी पहिली जागा म्हणजे जुना बंगला, बाजूला आंब्याचं झाड, खाली फरशी घातलेली, इतकी मस्त की बघताक्षणी ॲडव्हान्स दिला. आर्किटेक्टने बाहेरच्या भागाचं थ्रीडी काढून दिलं, एजंट म्हणाला ते सगळं मॅनेज होईल. मग कळलं की ती फरशीवाली जागा म्हणजे साइड मार्जिन, मंजूर नकाशात ती मोकळीच आहे, त्यामुळे एक्साइजच्या ब्लू प्रिंटमध्ये ती घेताच येईना. म्हणजे आंब्याखाली कुत्री आणि लिंबू सरबत, आणि आत माणसं आणि बिअर. कुत्र्याला बाहेर बांधून कोण आत पिणार?

तर तुम्ही असं करा. भाडेकराराच्या आधी, टोकन द्यायच्याही आधी, मालकाकडून बिल्डिंगचा मंजूर नकाशा आणि भोगवटा पत्र मागा. "नंतर देतो" म्हणाला तर नाही आहे असंच समजा. त्या नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवून तीन रंगांनी रंगवा. हिरव्याने महापालिकेच्या हिशोबाने वापरता येणारी जागा. लालने जिथे तुम्हाला दारू द्यायचीय ती. निळ्याने कुत्री जिथे असतील ती, आणि गेटपासून तिथपर्यंत यायची वाटही निळ्याने काढायची. निळी रेघ किचनच्या दाराजवळून किंवा आतल्या हॉलमधून जात असेल तर बाद. कुत्री बसतील तो निळा भाग लालच्या आत नसेल तर बाद. लाल हिरव्याच्या बाहेर जात असेल तर बाद.

माझ्या आत्ताच्या जागेत पुढचा ओटा मूळ मंजूर नकाशातच रेस्टॉरंटचा भाग म्हणून दाखवलेला होता, त्याला रस्त्याकडून वेगळं छोटं गेट काढता आलं, आणि किचन पार मागे. दिसायला पहिल्या जागेच्या पासंगालाही पुरत नाही. पण तिन्ही रंग बसले.

हा रंगवलेला कागद घेऊन अन्न आणि औषध प्रशासनाच्या (एफडीए) ऑफिसात जा, अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला दाखवा, तुमचा प्लॅन लेखी पत्राने कळवा आणि पोच घ्या. परवानगीचा शिक्का मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका, तसा शिक्का नसतो. पण तुम्ही काही लपवलं नाही हे कागदावर राहतं. नियमाचं वाक्य मात्र तेच आहे आणि उद्या एखाद्याने कडक वाचलं तर ओटा कुत्र्यांना बंद करावा लागेल. म्हणून धंद्याचा हिशोब असा मांडा की कुत्री नसली तरी बार चालला पाहिजे. नुसत्या कुत्रेवाल्यांच्या भरवशावर भाडं निघत नाही.

आणि रूफटॉपचा विचार असेल तर थांबा. १९ मे २०२४ ला कल्याणीनगरचा तो पोर्शे अपघात झाला (बारमध्ये प्यायलेल्या अल्पवयीन मुलाने गाडीने दोघांना उडवल्याचा आरोप), त्यानंतर पुण्यात एक्साइज आणि महापालिकेने जी मोहीम काढली त्यात अनेक बेकायदा रूफटॉप आणि शेड पडले. तेव्हापासून उघड्यावरच्या टेबलाकडे सगळ्यांचं बारीक लक्ष असतं. वयाचा मुद्दाही तेव्हापासून कडक झालाय, बिअर-वाइनला २१ आणि बाकी दारूला २५. ओट्यावर कॉलेजची पोरं कुत्रं घेऊन येतात, दिसायला गोड ग्रुप असतो, पण ओळखपत्र बघितल्याशिवाय पिंट द्यायची नाही म्हणजे नाही.

४. कुठलं लायसन्स

थोडक्यात सांगतो. सगळी दारू विकायची असेल तर एफएल-३, ज्याला आपण परमिट रूम म्हणतो. फक्त बिअर आणि सौम्य मद्य चालणार असेल तर बिअर बारचा फॉर्म ई, तो स्वस्त पडतो. फी लोकसंख्येप्रमाणे बदलते, शहरात एफएल-३ ची फी लाखांत जाते, आणि दरवर्षी ३१ मार्चच्या आत नूतनीकरण. कुत्रे घेऊन येणारी गिऱ्हाईकं संध्याकाळी एक-दोन बिअर घेऊन घरी जाणारी असतात, रात्री एकपर्यंत व्हिस्की पिणारी नसतात, त्यामुळे नवीन माणसाने फॉर्म ईचा विचार आधी करावा असं माझं मत. मी एफएल-३ घेतलं कारण आतला हॉल भरायचा होता.

अर्ज ऑनलाइन होतो पण प्रत्यक्ष जागेची पाहणी होतेच, निरीक्षक येतात, अंतर मोजतात, पोलिसांचा अहवाल जातो, अधीक्षक ऑफिस आणि शेवटी कलेक्टर. रेस्टॉरंट आधी उभं पाहिजे, किचन, पुरुष-बायकांची वेगळी टॉयलेट सगळं तयार. म्हणजे लायसन्स हातात येईपर्यंत भाडं चालूच. सहा महिन्यांचं भाडं बाजूला काढून ठेवल्याशिवाय उडी मारू नका.

मोठा सापळा: "चालू परमिट रूम चालवायला देणे आहे". लायसन्स एकाच्या नावावर, धंदा दुसऱ्याचा, मध्ये नोटरी केलेला कागद. परवानगीशिवाय असं चालवणं हा लायसन्सच्या अटींचा भंग आहे. काही झालं तर लायसन्सवाला हात वर करतो आणि तुमचं फर्निचर सीलच्या आत राहतं. घ्यायचंच तर एक्साइजच्या परवानगीने, रीतसर कागद करून.

पैशाचं एक सांगून ठेवतो. जून २०२५ मध्ये सरकारने भारतात बनणाऱ्या विदेशी मद्यावरची एक्साइज उत्पादन खर्चाच्या तिप्पटवरून साडेचारपट केली, परमिट रूमचा व्हॅट त्याआधीच ५ चा १० टक्के झालेला, लायसन्स फीही वाढलेली, आणि १४ जुलै २०२५ ला राज्यभर बारवाल्यांनी बंद पाळला. काही फरक पडला नाही. तेव्हा दोन वर्षांपूर्वीच्या कोणाच्या तरी एक्सेल शीटवर हिशोब करू नका. बिलात खाण्यावर ५ टक्के जीएसटी आणि दारूवर व्हॅट वेगळा दाखवावा लागतो, सॉफ्टवेअर घेताना ते चालतंय ना बघून घ्या.

५. फाइलमध्ये काय काय लागतं

- मंजूर नकाशा, भोगवटा पत्र, मालकीचा कागद
- रजिस्टर केलेला भाडेकरार, त्यात "परमिट रूम/बार" आणि "पाळीव प्राण्यांसह ग्राहक" हे दोन्ही शब्द लिहून घ्या. मालक नंतर फिरतो
- सोसायटीत जागा असेल तर सोसायटीचं ना हरकत पत्र, तेही सर्वसाधारण सभेच्या ठरावासकट
- शॉप ॲक्ट, पॅन, जीएसटी, व्हॅट नोंदणी
- एफएसएसएआय लायसन्स (उलाढाल कमी असेल तर नुसती नोंदणी)
- अग्निशमन दलाचं ना हरकत, आणि नंतर दर जानेवारी-जुलैला फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला. २९ डिसेंबर २०१७ च्या मुंबईतल्या कमला मिल आगीत १४ माणसं गेली, त्यानंतर यात कोणी हयगय खपवून घेत नाही आणि घेऊही नये
- महापालिकेचा आरोग्य विभागाचा परवाना
- चारित्र्य पडताळणी दाखला
- नोकरनामा, म्हणजे दारू सर्व्ह करणाऱ्या माणसांची एक्साइजकडे नोंद. नवीन पोरगा आला की पहिल्या दिवशी हे
- गाणी लावणार असाल तर पीपीएल आणि आयपीआरएस या गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थांचं लायसन्स
- पब्लिक लायबिलिटी इन्शुरन्स. एजंटला सरळ विचारा, "गिऱ्हाईकाच्या कुत्र्याने दुसऱ्या गिऱ्हाईकाला चावलं तर यात येतं का?" आणि उत्तर पॉलिसीच्या कागदावर दाखवायला लावा, फोनवर नको

६. ओटा बांधताना

फरशी चकचकीत नको. व्हिट्रिफाइड टाइलवर ओले पाय पडले की कुत्रं फिगर स्केटिंग करतं आणि ट्रे घेऊन येणारा वेटरही. आम्ही खरबरीत कोटा घातला, त्याला नाल्याकडे उतार दिला, सांधे घट्ट भरून घेतले कारण वास सांध्यात बसतो. एका कोपऱ्यात नळ आणि पाइप पाहिजेच.

भिंतीत खाली, गुडघ्याच्याही खाली, लोखंडी कड्या बसवा, प्रत्येक टेबलाला एक, आणि दोन कड्यांमध्ये इतकं अंतर की दोन्ही कुत्र्यांनी पट्टा ताणला तरी नाकाला नाक लागू नये. सहा फुटी पट्टे धरले तर कडी ते कडी किमान चौदा-पंधरा फूट. यामुळे माझी आठ टेबलं पाच झाली. टेबलाच्या पायाला पट्टा बांधू देऊ नका, मांजर दिसलं की टेबल, बिअर, मोबाइल सगळं गेटपर्यंत जातं, हे आम्ही उद्घाटनाच्या आठवड्यातच बघितलं.

गेट दुहेरी करा, एक उघडलं की दुसरं बंद.

साफसफाईला नुसतं फिनेल मारून भागत नाही. आधी टिपून घ्यायचं, पाण्याने धुवायचं, मग एन्झाइमवालं क्लीनर. लघवीवर थेट ब्लीच ओतायचं नाही, अमोनिया आणि ब्लीच एकत्र आले की विषारी वाफ होते, मावशींना हे समजावून सांगा कारण त्यांचा हात सवयीने ब्लीचकडेच जातो.

ओट्याची अजून एक गंमत म्हणजे मोकळी जागा दिसली की ती आपोआप सिगरेटवाल्यांचा अड्डा होते. थोटकं खाली पडतात आणि निकोटिन कुत्र्याला विष आहे. त्यामुळे ओट्यावर सिगरेट बंद. यावरून पहिल्या महिन्यात जेवढी भांडणं झाली तेवढी कुत्र्यांवरूनही झाली नाहीत.

पावसाळ्याचं काय ते आधीच ठरवा. जून ते सप्टेंबर ओटा निम्मे दिवस ओला असतो, आणि शेड टाकली की परत महापालिका. मी त्या चार महिन्यांचं ओट्याचं उत्पन्न शून्य धरतो, आलं तर बोनस. एप्रिल-मेमध्ये पाचच्या आधी कुत्री घेत नाही, फरशीवर हाताचा पंजा पाच सेकंद ठेवून बघायचा, भाजला तर कुत्र्याचाही भाजेल.

७. चखणा आणि कुत्र्याचं खाणं

बारचा मेनू म्हणजे कुत्र्याच्या दृष्टीने निम्मा धोका. कांदा-लसूण त्यांच्या रक्ताला वाईट, म्हणजे मसाला पापड, चना चोर, कोळंबी कोळीवाडा, सगळं बाद. मनुका आणि द्राक्षं किडनीला, चॉकलेट हृदयाला. शुगर फ्री गम आणि मिंटमध्ये झायलिटॉल असतं, थोडंसंसुद्धा घातक, त्यामुळे बिलाबरोबर बडीशेपच द्या. तंदुरी चिकनची हाडं शिजलेली असल्यामुळे फुटून टोकं होतात आणि आतड्यात रुततात. ओट्यावर बोनलेसच देतो आम्ही, लोक कुरकुरतात, कुरकुरू देत.

आणि बिअर. दर आठवड्याला एक तरी हिरो रील काढायला कुत्र्यासमोर बिअरची बशी ठेवतो. अल्कोहोल वाईट आहेच, त्यात हॉप्सही कुत्र्यांना विषारी. आमच्याकडे नियम साधा आहे: बशी ठेवली की बिल आलं. वेटर भांडत नाही, नुसतं बिल आणून ठेवतो.

कुत्र्यांसाठी आम्ही दोनच गोष्टी ठेवल्यात, बिनमिठाचं उकडलेलं चिकन भाताबरोबर आणि साधं दही. भांडी वेगळी, घासायची जागा वेगळी, बाहेरच्या नळावर. पाण्याचं सामाईक भांडं ठेवू नका, एकाला केनेल कफ असला की आठवड्यात सगळ्या एरियात खोकला. प्रत्येकाला धुतलेला स्टीलचा वाडगा द्या, गेलं की परत धुवा.

८. गेटवरचे नियम

बोर्डावर वीस नियम लिहिले तर कोणी वाचत नाही. आमचे एवढेच: लसीचं कार्ड दाखवा (रेबीजची लस वर्षाच्या आतली, बाकीच्या सेव्हन-इन-वन किंवा नाइन-इन-वन एकत्र लसी झालेल्या). पट्टा कायम, तोही साधा, लांबणारा नाही. माजावर आलेली कुत्री घरी. सहा महिन्यांखालचं पिल्लू घरी. आतल्या हॉलमध्ये कुत्रं नाही, टॉयलेटला जाताना दुसऱ्याकडे द्या, एकटे आला असाल तर वेटर धरेल.

कुत्रं पहिल्यांदा आलं की कार्डाचा फोटो काढून नाव, फोन, लसीची तारीख वहीत. पुण्यात कुत्रं पाळायला महापालिकेचं लायसन्स लागतं, तेही विचारतो, निम्म्यांकडे नसतं, मग आम्ही कसं काढायचं ते सांगतो.

रात्री नऊनंतर ओट्यावर कुत्री नाहीत. नऊपर्यंत लोक शुद्धीत असतात, त्यानंतर ज्याला त्याला दुसऱ्याच्या कुत्र्याला मिठी मारायची असते. गणपतीत ढोलपथकांच्या दिवशी आणि दिवाळीचे चार दिवस कुत्र्यांना पूर्ण बंद. ड्राय डेला तर बारच बंद, पण ओट्यावर चहा-भजी ठेवून बघा, २ ऑक्टोबरला आमच्याकडे सगळ्यात जास्त कुत्री असतात.

भटक्यांना बारसमोर खायला घालू नका, गिऱ्हाईकांनाही घालू देऊ नका. मन मोठं असेल तर वॉर्डात ठरलेल्या जागी नेऊन घाला. २२ ऑगस्ट २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशातही तेच आहे, ठरवलेल्या जागीच खाऊ घालायचं. आम्ही गल्लीतल्या चारही कुत्र्यांची नसबंदी आणि लस संस्थेकडून करून घेतली, त्यानंतर निम्मी कटकट संपली.

९. भांडण लागलं, चावलं तर

मध्ये हात घालायचा नाही आणि गळपट्टा पकडायचा नाही. माझ्या कॅप्टनने (हेड वेटरने) पकडला आणि चार टाके पडले. प्लायवुडचा एक फळा काउंटरशेजारी उभा ठेवलाय, तो दोघांच्या मध्ये सारायचा, नाहीतर पाण्याचा पाइप तोंडावर सोडायचा. तेही जमलं नाही तर दोन माणसांनी एकाच वेळी मागचे पाय उचलून मागे ओढायचं.

माणसाला चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, घड्याळ लावून, हळद-बिळद काही नाही, आणि लगेच दवाखाना, मालकाने "लस झालीय हो" कितीही सांगितलं तरी. वहीतलं कार्ड तेव्हा डॉक्टरला कामाला येतं. मालकाची बेफिकिरी असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, हे बोर्डावर शेवटच्या ओळीत लिहिलंय, त्याने पट्टे बरेच आखूड झाले.

१०. शेजारी

लायसन्स मिळालं म्हणून शेजाऱ्यांना विसरू नका. आपल्याकडे वॉर्डातल्या बायकांनी सह्या करून मतदान मागितलं तर बाटली आडवी, म्हणजे वॉर्डात दारूबंदी, होऊ शकते, हे बारवाल्याने रोज सकाळी आठवावं. मी उघडायच्या आधी आजूबाजूच्या तीन सोसायट्यांत पेढे घेऊन गेलो. दारूवर फारसं कोणी बोललं नाही, सगळ्या काकूंचा एकच प्रश्न होता, कुत्री आमच्या गेटपाशी घाण करणार का? म्हणून आता एक मुलगा दर तासाला दोन्ही बाजूंना शंभर पावलं चालून पिशवीत उचलून आणतो, गिऱ्हाईकाच्या कुत्र्याची असो नाहीतर नसो. महिन्याला जो काही पगार जातो तो मी लायसन्स फीचाच भाग धरतो. आणि बाहेरचा स्पीकर दहाला बंद. खरं तर बाहेर स्पीकर लावूच नका, कुत्र्यांनाही नको असतो.

११. पहिला महिना

जाहिरात करू नका. पहिले दोन आठवडे फक्त मंगळवार-बुधवार, चार ते आठ, ओळखीची कुत्री. एका वेळी ओट्यावर पाचच, टेबलाला एक. सहावं आलं तर फोन नंबर घ्या आणि जागा झाली की बोलवा, मालक तोपर्यंत एक चक्कर मारून येतो, कुत्र्यालाही बरं पडतं. पहिल्या शनिवारी गर्दी बघून मी आठ घेतली होती आणि प्लायवुडचा फळा त्याच रात्री आणला.

तिन्ही नकाशांच्या प्रती, तो रंगवलेला कागद आणि एफडीएच्या पत्राची पोच एका फाइलमध्ये घालून काउंटरखाली ठेवा, घरी कपाटात नको, कारण तपासणी आली की तुम्ही नेमके मंडईत असता. आमच्याकडे पहिली तपासणी तिसऱ्या आठवड्यात आली, साहेबांनी ओट्याच्या कडेला टेप लावला, लाल रेघ जिथे संपते तिथून गेटपर्यंत मोजलं. रेघेबाहेर एक खुर्ची अर्धी गेलेली होती. ती आत ओढायला लावली, शेरा लिहिला आणि गेले. दुसऱ्या दिवशी मी फरशीवर लाल पेंटनेच रेघ मारून घेतली.